जड ऑटोमॅटिक वॅगनसाठी टर्बो कसा निवडावा : लेगसी जीटी वॅगन आणि आउटबॅक एक्सटीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नक्की कोणत्या गाडीची आहे?

अमेरिका आणि कॅनडात विकल्या गेलेल्या २००५ ते २००९ सालच्या सुबारू आउटबॅक एक्सटीची, आणि त्याच घराण्यातल्या लेगसी जीटी वॅगनची. दोन्हींत २,४५७ सीसीचं ईजे२५५ हे चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन आहे, चारही चाकांना ताकद जाते आणि सोबत पाच गिअरचा ऑटोमॅटिक येतो. त्याला सगळे ५ईएटी म्हणतात. कारखान्यातून गाडी साधारण २५० हॉर्सपॉवर आणि ३३९ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) घेऊन येते. रिकाम्या गाडीचं वजन १,६०० किलोच्या आसपास असतं. मॅन्युअल गिअरच्या किंवा हलक्या इम्प्रेझाच्या मालकांनी खालचे सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत. खरं तर हे लिहायला घेतलं ते उलट्या कारणाने : इम्प्रेझासाठी दिलेले सल्ले वॅगनवाले उचलतात आणि मग गाडी आधीपेक्षा मठ्ठ झाली म्हणून वैतागतात.

टर्बो बदलायची गरज आहेच का? नुसत्या ट्यूनिंगवर भागत नाही का?

पुष्कळांचं भागतं. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरणारं टर्बाइन आणि त्याच दांड्यावरचा, इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर; ट्यूनिंग म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधले आकडे बदलणं.) मूळ टर्बो आयएचआय कंपनीचा आहे : सुरुवातीच्या वर्षांत व्हीएफ४०, २००७ पासून व्हीएफ४६. कारखाना त्यातून १३-१४ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, घेतो. मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बसवून नीट ट्यूनिंग केलं तर त्याच टर्बोतून मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) चांगलाच जास्त टॉर्क मिळतो, आणि वॅगन चालवताना उपयोगी पडतो तो मधलाच पट्टा. अडचण येते ती ५,००० आरपीएमच्या वर. छोटा कॉम्प्रेसर हवा द्यायला कमी पडतो, नुसतीच धग वाढवतो आणि बूस्ट खाली यायला लागतो. तुमची गाडी त्या पट्ट्यात क्वचितच जात असेल तर पैसे वाचवा आणि टायर-ब्रेकवर घाला. टर्बो बदलायची खरी वेळ दोनच प्रसंगी येते : जुना टर्बो थकलाय, किंवा ट्यूनिंग करूनही चार माणसं आणि सामान घेऊन चढावर गाडी दमते.

वजन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांमुळे निवड का बदलते?

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी वजन. रिकाम्या गाडीला दर टनामागे साधारण १५६ हॉर्सपॉवर मिळतात. चार माणसं, डिकीभर सामान आणि छपरावर पेटी धरली की ३५० किलो वाढतात आणि आकडा १२८ वर येतो. इंजिनाची ताकद ३३० हॉर्सपॉवरवर नेली तर भरलेल्या गाडीलाही टनामागे १६९ मिळतात, म्हणजे कारखान्यातून आलेल्या रिकाम्या गाडीपेक्षा जास्त. कुटुंबाच्या वॅगनला एवढं उद्दिष्ट पुरेसं आहे असं माझं ठाम मत आहे. ४०० चा आकडा कागदावर छान दिसतो, पण या गाडीच्या रोजच्या वापरात त्याचा उपयोग करायला जागाच मिळत नाही.

आता गिअरबॉक्स. ५ईएटीचे गुणोत्तर असे आहेत : ३.५४०, २.२६४, १.४७१, १.०००, ०.८३४. पाय दाबून धरलात आणि ६,२०० ला गिअर बदलला, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन ३,९६५ वर उतरतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात ४,०३० वर आणि तिसऱ्यातून चौथ्यात ४,२१५ वर. शिवाय ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलताना पाय उचलावा लागत नाही, त्यामुळे बूस्ट फारसा मोडत नाही. म्हणून पूर्ण दाबून सरळ रेषेत पळवायचं असेल तर मोठा टर्बोही ऑटोमॅटिकला चालतो. मोठ्या टर्बोची बाजू घेणारे हेच सांगतात आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे.

पण आपण रोज गाडी तशी चालवत नाही. अर्ध्या पायावर गिअरबॉक्स ३,००० च्या सुमारास गिअर टाकतो आणि इंजिन १,९५०-२,०५० वर येतं. हायवेला पाचव्यात गाडी दोन-अडीच हजारांच्या दरम्यान रांगत असते. पुढच्या ट्रकला ओलांडायला पाय दाबलात की ऑटोमॅटिकसमोर दोनच वाटा असतात : आहे त्या गिअरमध्ये बूस्ट यायची वाट बघायची किंवा खालचा गिअर टाकायचा. टर्बो लहान असेल तर २,५०० ला गाडी उचल घेते आणि गिअर बदलावाच लागत नाही. टर्बो मोठा असेल तर गिअरबॉक्स प्रत्येक वेळी खाली जातो, इंजिन ओरडतं, मग उशिरा एकदम धक्का बसतो. मॅन्युअलवाला स्वतः आधी गिअर टाकून तयार राहतो. ऑटोमॅटिकला पुढचा रस्ता दिसत नाही.

म्हणून या गाडीसाठी टर्बोची परीक्षा घ्यायची ती २,२०० ते ५,५०० आरपीएममध्ये. सगळ्यात वरचा आकडा नंतर बघायचा.

मला किती हवा लागेल, हे घरबसल्या काढता येतं का?

येतं, आणि टर्बो विकत घेण्याआधी प्रत्येकाने काढावंच. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाएवढी हवा घेतं. ५,५०० आरपीएमला २.४५७ लिटर गुणिले २,७५० म्हणजे मिनिटाला सुमारे ६,७५० लिटर. सिलिंडर ९५ टक्के भरतात असं धरलं तर ६,४०० लिटर.

आता बूस्ट १८ पीएसआय ठेवायचा आहे असं धरू. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. दोन्हींची बेरीज ३२.७, तिला १४.७ ने भागलं की २.२ आलं. याला दाबाचं गुणोत्तर म्हणतात. दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतर हवा ४५ अंश सेल्सिअसला आली तर तिचं वजन लिटरला साधारण २.४ ग्रॅम भरतं. म्हणजे मिनिटाला १५.६ किलो हवा : पौंडात ३४, आणि इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या भाषेत सेकंदाला २६० ग्रॅम.

ठोकताळा असा की मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) साधारण दहा हॉर्सपॉवर. आले ३४०. त्या आरपीएमला टॉर्क ४४० न्यूटन-मीटरच्या आसपास पडतो, म्हणजे मूळच्यापेक्षा शंभराने जास्त. आपल्याला हवं होतं ते इथेच मिळालं.

हेच गणित २२ पीएसआय आणि ६,५०० आरपीएमला करा. उत्तर ४४-४५ पौंडांवर जातं. तेवढी हवा देणारा टर्बो बाजारात सहज मिळतो. ती पचवणारं इंजिन, गिअरबॉक्स आणि इंधनयंत्रणा मात्र वेगळी उभी करावी लागते.

दोन्ही आकडे हातात ठेवून कॉम्प्रेसरचा नकाशा, म्हणजे तो कुठे किती कार्यक्षम आहे हे दाखवणारा आलेख, उघडा. आडव्या अक्षावर हवा, उभ्यावर दाबाचं गुणोत्तर. ३४ आणि २.२ हा बिंदू मधल्या उत्तम कार्यक्षमतेच्या बेटाच्या थोडा उजवीकडे पडावा. मग ३,००० आरपीएमचाही बिंदू टाका : १९ पौंड, तेच २.२. तो डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्या पलीकडे हवा उलटी ढकलली जाते) चिकटला किंवा पलीकडे गेला, तर तो कॉम्प्रेसर तुमच्या कामाचा नाही.

मग नेमका कोणता घ्यावा?

माझ्या मते बहुतेकांसाठी दोनच उत्तरं आहेत.

पहिलं, व्हीएफ५२. हा २००९ ते २०१४ च्या डब्ल्यूआरएक्समध्ये कारखान्यातून येत असे. व्हीएफ४० पेक्षा थोडी जास्त हवा देतो आणि जागा होतो जवळजवळ तेवढ्याच लवकर, ३,००० च्या आसपास. बसवताना फार तोडफोड लागत नाही. कारखान्याचाच असल्याने चांगल्या स्थितीतला जुना मिळाला तर पैसेही कमी पडतात. मुलांना शाळेत सोडणं, हायवे आणि वर्षातून दोन लांबच्या सहली असा वापर असेल तर इथेच थांबावं.

दुसरं, मित्सुबिशीच्या टीडी०५ जातीचा १६जी. वर काढलेला ३४-३५ पौंडांचा आकडा हा आरामात देतो. पूर्ण बूस्ट यायला व्हीएफ५२ पेक्षा दोन-तीनशे आरपीएम उशीर होतो, पण ५,५०० पर्यंत तो दमत नाही. वजनदार वॅगन, ऑटोमॅटिक, ३३०-३४० हॉर्सपॉवर असं सगळं एकत्र मांडलं की माझं मत १६जीला जातं. भरल्या गाडीने रॉकी पर्वतातले चढ चढणाऱ्यांनी किंवा मागे छोटा ट्रेलर ओढणाऱ्यांनी आधी याचाच विचार करावा.

१८जी आणि २०जी हे त्याच घराण्यातले थोरले. २०जी या इंजिनावर पूर्ण जोरात यायला चार हजारांच्या जवळ जातो. मघाशी मांडलेला रोजच्या गिअरबदलाचा हिशेब बघा : गाडी बराच वेळ त्याच्या खालीच असते. हायवेच्या वेगाला मात्र त्यांची मजा आहे, ते नाकारत नाही.

गॅरेटचा जी२५-५५० हा आधुनिक बॉल बेअरिंग टर्बो आहे. कंपनी तो ३०० ते ५५० हॉर्सपॉवर आणि १.४ ते ३ लिटर इंजिनांसाठी सांगते. आपल्या मापाच्या मानाने तो फार लवकर जागा होतो. पण तो मूळ जागी सरळ बसत नाही. पाइप, फ्लँज, तेलाच्या नळ्या, सगळं बदलावं लागतं. इंजिन बाहेर काढून नव्याने बांधणार असाल तर जरूर विचार करा, एरवी नको.

लेगसी आणि इम्प्रेझाचे टर्बो एकमेकांना बसतात ना?

आतला भाग तोच असतो, बाहेरचं कवच नाही. कॉम्प्रेसरचं तोंड कोणत्या कोनात आहे, इंटरकूलरला कुठे जोडलं जातं, तेलाची आणि पाण्याची नळी कुठून येते, यांत फरक आहेत. विकणाऱ्याकडून ‘२००५-२००९ लेगसी जीटी, आउटबॅक एक्सटी’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या ‘सुबारूला बसतो’ या वाक्यावर पैसे देऊ नका.

ए/आर म्हणजे काय आणि किती घ्यावा?

टर्बाइनच्या गोगलगायीसारख्या घराचा तोंडाकडचा छेद आणि त्याचं केंद्रापासूनचं अंतर यांचं हे गुणोत्तर. लहान ए/आर म्हणजे एक्झॉस्टचा झोत वेगाने येतो, टर्बो लवकर फिरतो, पण वरच्या आरपीएमला वाट अडते. मोठा ए/आर याच्या उलट. एकाच टर्बोला दोन घरं उपलब्ध असतील तर ऑटोमॅटिक वॅगनसाठी लहान घर घ्या. वरचे दहा-पंधरा हॉर्सपॉवर गेले तरी चालतील.

बॉल बेअरिंगसाठी जास्त पैसे घालावेत का?

त्याने टर्बो थोडा आधी जागा होतो आणि पाय उचलून पुन्हा दाबल्यावर पटकन सावरतो. हा दुसरा फायदा ऑटोमॅटिकला कमी मिळतो, कारण गिअर बदलताना आपण पाय उचलतच नाही. १६जीएवढ्या टर्बोसाठी साधं, तेलाच्या थरावर फिरणारं जर्नल बेअरिंग पुरतं. उरलेले पैसे गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरवर लावा.

जपानी लेगसीतला ट्विन-स्क्रोल बसवला तर?

कल्पना उत्तम आहे. ट्विन-स्क्रोल म्हणजे एक्झॉस्टला आत यायला दोन वेगळ्या वाटा असलेला टर्बो. ईजे इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२-४ असतो. एकमेकांच्या श्वासात अडथळा येऊ नये म्हणून १-२ आणि ३-४ अशा जोड्या वेगळ्या नळ्यांतून टर्बोपर्यंत न्याव्या लागतात, आणि प्रत्येक जोडीतला एक सिलिंडर इंजिनाच्या डावीकडे, दुसरा उजवीकडे असतो. म्हणजे हेडर (सिलिंडरांतून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या), अप-पाइप (तिथून टर्बोपर्यंतचा पाइप), टर्बो सगळंच बदलायचं. जपानच्या दोन लिटर ऑटोमॅटिक लेगसीला २,००० आरपीएमला ३५ किलोग्रॅम-मीटरचा टॉर्क मिळायचा तो याच मांडणीतून. कामाची गोष्ट आहे, पण खर्च आणि मेहनत नुसत्या टर्बोबदलाच्या कितीतरी पट.

गिअरबॉक्स टिकेल का?

टिकू शकतो, जर टॉर्क कुठे वाढवायचा हे तुम्ही ठरवलंत तर.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. गाडी जागेवरून हलताना तो घसरतो आणि घसरताना टॉर्क वाढवून पुढे देतो. अगदी सुरुवातीला जवळजवळ दुप्पट. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये कमी वेगाला इंजिनाने ४४० दिले तर गिअरबॉक्सच्या आत त्याहून कितीतरी मोठा आघात जातो. त्याच घसरण्यातून ऑइल तापतं. क्लच घसरायला लागतात ते याच दोन कारणांनी : खालच्या आरपीएमचा धक्का आणि तापलेलं ऑइल. ५,५०० ला मिळणारी ताकद गिअरबॉक्सला त्या मानाने कमी त्रास देते.

म्हणून ट्यूनरला सांगा की पहिल्या दोन गिअरमध्ये आणि ३,००० च्या खाली बूस्ट हळूहळू चढू दे. गिअर बदलताना गिअरबॉक्सचा कंप्युटर इंजिनाला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो. ही विनंती ट्यूनिंगमध्ये बंद करू नये. बंद केली की गिअरबदल कडक वाटतो, काहींना तो आवडतोही, पण प्रत्येक बदलात क्लच झिजतात.

ऑइल कूलर बाहेरून जास्तीचा लावाच. पॅनमध्ये किंवा कूलरच्या नळीवर तापमानाचा सेन्सर बसवा. ९० अंशांच्या आसपास सगळं ठीक, १२० च्या वर जाऊ लागलं की पाय हलका करा. ५ईएटीला सुबारूने स्वतःचं वेगळं एटीएफ-एचपी ऑइल ठरवलेलं आहे. दुकानदाराने ‘सगळ्याला चालतं’ म्हणून दिलेलं घालू नका. दोन्ही पाय दाबून, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम, बूस्ट चढवून गाडी सोडणं हा तर गिअरबॉक्स मारायचा खात्रीचा मार्ग आहे.

आणि इंजिन?

ईजे२५५ चे पिस्टन ओतीव आहेत. त्यांचा कमकुवत भाग म्हणजे रिंगांमधल्या पातळ भिंती. नॉक, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, झालं की त्या तडकतात, मग इंजिन ऑइल पितं आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं. नुसत्या जास्त बूस्टने हे होत नाही, पण चुकीच्या इग्निशन टायमिंगसोबत नक्की होतं. जड गाडीत धोका वाढतो, कारण कमी आरपीएमला, उंच गिअरमध्ये, पूर्ण भाराखाली इंजिन जास्त वेळ अडकून राहतं.

टर्बो मागवण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतात आणि किती गळतात ते) करून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली असेल तर पैसे टर्बोवर नव्हे, इंजिनावर घालायचे.

ट्यूनिंगनंतर इंजिनाच्या कंप्युटरमधला आयएएम हा आकडा बघत राहा. तो १.० असायला हवा. नॉक वारंवार ऐकू आला की कंप्युटर तो खाली आणतो. ०.८ दिसला तर त्याच दिवशी कारण शोधा : पेट्रोल, व्हॅक्यूमची गळती, इंटरकूलरचं तडकलेलं प्लॅस्टिक.

टर्बो बदलताना सोबत काय काय करावं?

मेकॅनिकला सांगायच्या गोष्टींत पहिली म्हणजे बँजो बोल्टमधली जाळी. इंजिनाच्या मागच्या बाजूला, उजव्या हेडवरून टर्बोला तेल जातं, त्या पोकळ बोल्टच्या आत चहाच्या गाळणीसारखी बारीक जाळी असते. वर्षानुवर्षं ऑइल उशिरा बदललं की काळा गाळ तिच्यात बसतो, तेलाची धार बारीक होते आणि लाखाच्या वर फेऱ्या मिनिटाला घेणारा दांडा कोरडा पडतो. या इंजिनातले कितीतरी टर्बो असेच गेले आहेत. जुना टर्बो मेलेला असेल आणि ही जाळी न बघता नवा लावला तर तोही त्याच वाटेने जाईल. बोल्ट काढा, जाळी उजेडात धरून बघा. अनेक जण ती काढूनच टाकतात. तसं करायचं असेल तर ऑइल ३,००० ते ३,७५० मैलांत बदलायची शिस्त पाळायलाच हवी.

जुन्या टर्बोचे तुकडे इंजिनात गेलेत का हेही त्याच वेळी कळतं. ऑइल पॅन उतरवा. तळाशी चमकणारा सोनेरी चुरा दिसला तर बेअरिंगपर्यंत गोष्ट पोचली आहे. पॅन उतरवलाच आहे तर आतली पिकअपची नळी बदला. मूळ नळीला जोडाशी तडा जाण्याची या इंजिनांत खोड आहे आणि तडा गेला की पंप हवा ओढतो.

काही वर्षांच्या गाड्यांत अप-पाइपमध्ये छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, म्हणजे टर्बोच्या बरोबर आधी. तो फुटला तर तुकडे थेट टर्बाइनच्या पात्यांवर.

नव्या टर्बोला सुरू करण्याआधी वरच्या छिद्रातून स्वच्छ ऑइल भरा आणि हाताने चक्र फिरवून घ्या. मग इंजिन पेट न घेता नुसतं क्रँक होईल अशी व्यवस्था करून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं फिरवा. टायमिंग बेल्टची १,०५,००० मैलांची मुदत जवळ आली असेल तर तोही याच फेरीत उरकून टाका. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

वरचा इंटरकूलर चालेल की पुढे मोठा लावू?

३४० हॉर्सपॉवरपर्यंत वरचाच ठेवा, पण धातूच्या टाक्यांचा घ्या. मूळच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जोडाशी तडकतात. पुढे लावलेला मोठा इंटरकूलर ट्रॅकवर थंड राहतो, पण मधला पाइप लांबतो, तो भरेपर्यंत बूस्ट उशिरा येतो, आणि उशीर टाळण्यासाठीच तर एवढा खटाटोप.

इंजेक्टर आणि पंप बदलावे लागतात?

१६जी आणि १८ पीएसआयसाठी मोठे इंजेक्टर आणि जास्त ताकदीचा पंप दोन्ही लागतील. मात्र इंजेक्टर मागवताना वर्ष नीट सांगा : २००५-०६ च्या गाड्यांत ते बाजूने इंधन घेणारे आहेत, नंतरच्यांत वरून. इथे बरीच मंडळी चुकीचं पार्सल घेऊन बसतात.

कॅलिफोर्नियात ९१ ऑक्टेनच मिळतं. फरक पडतो?

पडतो. ऑक्टेन जितकं जास्त तितकं पेट्रोल नॉकला चांगलं थोपवतं; ९३ वर चालणारं टायमिंग ९१ वर नॉक देईल, म्हणून बूस्ट एक-दोन पीएसआय कमी आणि टायमिंग मवाळ. न्यू जर्सीतल्या नातेवाइकाची फाइल सान होजेत गाडीत टाकू नका. ई८५, म्हणजे बहुतांशी इथेनॉल असलेलं इंधन, नॉकला चांगलं थोपवतं, पण साधारण तीस टक्के जास्त इंधन लागतं, त्यानुसार इंजेक्टर-पंप आणखी मोठे हवेत.

कॅलिफोर्नियाचा दुसरा मुद्दा कायद्याचा. तिथल्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, ईओ (मान्यतेचा) क्रमांक नसलेला भाग स्मॉग तपासणीत अडकतो. टर्बो आणि डाउनपाइप दोन्ही त्यात येतात. राहता तिथले नियम आधी वाचा, मग ऑर्डर द्या.

डेन्व्हरला राहतो. १८ पीएसआय तिथेही १८ च ना?

गेजवर १८ च, पण टर्बोसाठी नाही. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे, हवेचा दाब सुमारे ८३ किलोपास्कल. तिथे १८ पीएसआयसाठी दाबाचं गुणोत्तर २.२ वरून २.५ वर जातं. टर्बो जास्त वेगाने फिरतो, जास्त तापतो आणि तरीही समुद्रसपाटीपेक्षा आठ टक्के कमी हवा देतो. उंचावर राहणाऱ्यांनी व्हीएफ५२ ऐवजी १६जी घ्यावा याला हे चांगलं कारण आहे, कारण त्याच्याकडे जास्तीचा श्वास शिल्लक असतो. आणि मैदानातला आकडा गाठायचा हट्ट धरू नये.

ऑनलाइन खूप स्वस्त टर्बो दिसतात. घेऊ का?

नको. दांड्याचा तोल जरा जरी बिघडलेला असला तरी बेअरिंग महिन्यांत जातं, आणि तुकडे जातात ते तुमच्या इंजिनात. त्यापेक्षा वापरलेला मूळ आयएचआय घ्या, पण हातात घेऊन तपासा. दांडा बाजूला किंचित हलला तर चालतं, जर्नल बेअरिंगमध्ये तेवढी जागा असतेच. आत-बाहेर हलता कामा नये. पात्यांची टोकं घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर परत करा.

अशी गाडी भारतात नेता येईल का?

नाही. जुनी गाडी आयात करताना ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं अशा अटी आहेत. शिवाय भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. पुण्या-मुंबईत टर्बो गाडी असलेल्या वाचकांना वरचं गणित उपयोगी पडेल, पण बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा दोन्ही बघा.

ट्यूनरकडे गेल्यावर काय सांगू?

‘जास्तीत जास्त किती निघेल?’ हा प्रश्न विचारू नका, कारण तो खरोखर तेवढं काढून देईल. त्याऐवजी गाडी कशी चालते ते सांगा : ऑटोमॅटिक आहे, चार माणसं बसतात, कोणतं पेट्रोल मिळतं, कुठल्या उंचीवर राहता. मग मागणी ठेवा : टॉर्कचा माथा ४३०-४४० न्यूटन-मीटरच्या पुढे नको, तो ३,२०० च्या सुमारास यावा आणि ५,५०० पर्यंत सपाट राहावा, ३,००० च्या खाली चढण सौम्य असावी. डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, कागद घ्याच, पण तेवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. चौथ्या गिअरमध्ये २,२०० पासून पूर्ण पाय दाबून केलेला रस्त्यावरचा लॉग (कंप्युटरने नोंदलेले आकडे) मागा, आणि त्यात बूस्ट, नॉकची दुरुस्ती, एमएएफचे ग्रॅम आणि इंधन-हवेचं प्रमाण या चार ओळी स्वतः वाचा. एमएएफ २६० च्या आसपास टेकला असेल, नॉकची ओळ शून्यावर असेल आणि आयएएम १.० असेल तर पैसे चुकते करा.